यशोगाथेत टन छापता, तसे ग्रॅम पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरच्या शेतीच्या पानावर केळीची यशोगाथा आली होती. फोटो झकास, घडाला हात लावून उभे असलेले शेतकरी दादा, आणि खाली ठळक अक्षरात एकरी किती टन, खर्च किती, निव्वळ नफा किती. आमच्या घरी पेपर आधी आबा म्हणजे माझे सासरे वाचतात, मग तो चहाच्या कपाखाली जातो आणि दुपारी कधीतरी माझ्या हातात येतो. मी ती बातमी दोनदा वाचली. खताबद्दल सगळ्या बातमीत एकच वाक्य, "योग्य खत व्यवस्थापन केले". बास. योग्य म्हणजे किती हो? कुठलं खत, झाडाला किती ग्रॅम, कितव्या दिवशी, एकरात झाडं किती, माती कसली, काहीच नाही. टन छापले पण ग्रॅम छापले नाहीत, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्या, छापताना कापलं तरी चालेल पण आकडे कापू नका.

आम्ही करमाळा तालुक्यातले, उजनीच्या फुगवट्याच्या कडेला आमची जमीन, कंदरपासून लांब नाही. कंदर म्हटलं की केळी हे आता सगळ्यांना माहीत आहे, कंटेनर भरून आखाताकडं माल जातो इथून. पण आमच्याकडं दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत ऊसच होता, आणि मला विचाराल तर आमच्या केळीच्या खताचा सगळा घोळ त्या उसातनं आलाय. म्हणजे बघा, सुरू म्हणजे थंडीअखेर लावलेल्या उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र (नायट्रोजन), ११५ स्फुरद (फॉस्फरस), ११५ पालाश (पोटॅशियम), आणि आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाला ४००, १७०, १७०. पालाश नत्राच्या निम्म्यापेक्षा कमी, आणि सगळं हेक्टरी किलोत. आमच्या माणसांचं डोकं त्याच हिशोबात बसलेलं, एकरी एवढी पोती टाकायची, रान काळंभोर हिरवं झालं की खत लागू पडलं. केळीचं तसं नाहीये. केळीचा हिशोब झाडाला असतो, आणि जळगावकडच्या शिफारशीत झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ते ६० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश. म्हणजे नत्राएवढाच पालाश! हेक्टरात मोडलं तर आमच्या सहा बाय पाच फुटाच्या लागणीला सातशे किलोच्या वर पालाश. ऊसवाल्याला हा आकडा सांगितला की तो हसतो.

आता माझी स्वतःची फजिती सांगते.

आमची दोन एकर, जी-नाईन जातीची टिशू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं, सहा बाय पाचवर एकरी साधारण १४५० झाडं, लागण आषाढीच्या तोंडावर केलेली. पहिल्या वर्षी खताचं शेड्यूल दुकानातनं आलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, असं शेड्यूल तुमच्या गावात पण मिळेल, झेरॉक्स काढलेलं, कडेला देवाचा फोटो, खाली "धन्यवाद पुन्हा भेटा". त्यात डोस पोत्यात आणि मुठीत लिहिलेले. मिस्टर, दीर आणि आबा यांनी ते शेड्यूल वर्षभर इमानदारीत पाळलं. मी फक्त वही लिहीत होते, कुठल्या तारखेला काय आणलं आणि किती रुपये दिले, कारण उधारी माझ्या डोक्याला ताप.

माल गेला, घड सरासरी चोवीस किलोच्या आसपास पडला, बरा म्हणायचा, पण शेजाऱ्याचा आमच्यापेक्षा चांगला निघाला आणि मग घरात रोज तोच विषय. एके रात्री मी वही घेऊन बसले, आणि पोत्यावरचे टक्के बघून बेरीज केली. एकरात युरिया १० पोती (नुसतं नत्र), डीएपी ४ (नत्र आणि स्फुरद), दहा-सव्वीस-सव्वीस ६ (असे आकडे म्हणजे ओळीनं नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के), पोटॅश म्हणजे नुसत्या पालाशचं खत ३, आणि ड्रिपमधनं सोडायची ती विद्राव्य खतं, १९:१९:१९ च्या दोन बॅगा, बारा-एकसष्ठ एक, शून्य-बावन्न-चौतीस एक, तेरा-शून्य-पंचेचाळीस एक आणि शून्य-शून्य-पन्नास दोन. पोत्याचे किलो गुणिले टक्के, भागिले १४५० झाडं. एवढंच गणित, सातवीतलं पोरगं करील. उत्तर आलं ते असं, झाडाला नत्र १९९ ग्रॅम, स्फुरद १४३ ग्रॅम, पालाश १५३ ग्रॅम.

मी तीनदा केलं गणित. नत्र बरोबर काट्यावर. स्फुरद लागतो त्याच्या दुपटीच्याही वर. आणि ज्याच्यावर घड भरतो तो पालाश पन्नास ग्रॅमला तोकडा. म्हणजे ज्याची गरज नव्हती तिथं आम्ही एकरी पाच पोती डीएपीएवढा स्फुरद जास्तीचा ओतला, डीएपीचं पोतं साडेतेराशेचं, आणि ज्याची गरज होती त्याची सव्वादोन पोती वाचवली. वाचवली म्हणजे काय, महाग म्हणून टाळली. पोटॅशचं पोतं दीड हजाराच्या पुढं गेलंय, सगळा माल परदेशातनं येतो, आणि युरिया मिळतो २६६ रुपये ५० पैशाला. माणूस स्वस्तातलं मूठभर जास्त टाकतो आणि महागातलं चिमूटभर कमी, घरात तिखट-मीठ टाकताना पण असंच होतं.

अजून एक. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं आहे, पूर्वी ५० चं असायचं. जुन्या शेड्यूलमध्ये पोती तेवढीच राहिली, किलो कमी झाले, कोणी बदललं नाही. दहा पोत्याला ५० किलोचा फरक पडतो. आबांना सांगितलं तर म्हणाले, "अगं मग एक पोतं वाढवायचं की."

मुठीचं तर विचारूच नका. आमच्या महिला बचत गटाची शेंगा चटणी जाते बाहेर, त्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक काटा घेतलेला, ग्रॅममध्ये दाखवतो. तो काटा उचलून मी गोठ्यात नेला आणि सगळ्यांच्या मुठी मोजल्या. सासूबाईंनी खूप शिव्या घातल्या, चटणीच्या काट्यावर युरिया म्हणून, पण मी खाली पेपर टाकला होता, तुमचाच. आबांची मूठ भरली ६२ ग्रॅम. दिरांची ५५. आमच्या गड्याची ८८, कारण तो मूठ म्हणून घेतो ती अर्धी ओंजळ असते. माझी ४१. शेड्यूलवर लिहिलेलं "दोन मुठी युरिया", आणि शिफारशीत त्या डोसला असतो ८२ ग्रॅम. म्हणजे शिफारशीची मूठ बाईमाणसाची निघाली! माझ्या दोन मुठी बरोबर ८२. आणि गड्यानं टाकलेल्या ओळीला १७६ ग्रॅम गेलेला. एकाच प्लॉटमध्ये एका ओळीला दुप्पट, दुसऱ्या ओळीला त्याहून कमी, मग घड मागंपुढं निसवतात म्हणजे खोडातनं बाहेर पडतात आणि आपण म्हणतो रोपं खराब दिली.

त्या दिवसापासून पाण्याच्या बाटलीचा बूड कापून त्याचं माप केलंय, ८२ ग्रॅमला नेलपॉलिशची एक रेघ, पोटॅशचं माप वेगळं, त्याला ८३ ग्रॅमवर रेघ. दोन्ही खतं दिसायला आणि वजनाला वेगळी, एकाच मापात चालत नाहीत, पोटॅश जड असतो.

डोसचे दिवस सांगते म्हणजे कोणाच्या उपयोगी पडेल. ड्रिप नसेल आणि खत मातीतनं द्यायचं असेल तर युरिया ८२ ग्रॅम लागणीनंतर ३०, ७५, १२० आणि १६५ व्या दिवशी, मग ३६ ग्रॅम २१०, २५५ आणि ३०० व्या दिवशी. बेरीज केली तर ४३६ ग्रॅम युरिया, म्हणजे २०० ग्रॅम नत्र. सुपर फॉस्फेट झाडाला २५० ग्रॅम सुरुवातीलाच एकदा, ४० ग्रॅम स्फुरदाच्या हिशोबानं. पोटॅश ८३ ग्रॅम चार वेळा, सुरुवातीला, १६५, २५५ आणि ३०० व्या दिवशी. शेणखत झाडाला १० किलो. ड्रिपमधनं दिलं तर पाव हिस्सा खत वाचतं म्हणतात आणि ते खरं असावं, कारण केळीची मुळं काही खोल जात नाहीत, बहुतेक पांढरी मुळी वरच्या फूट-दीड फुटातच असते, तिथं थोडं थोडं आठवड्याला पोचलं तर झाड घेतं, एकदम टाकलं की पाण्याबरोबर खाली जातं. आणि खोडाला चिकटवून टाकू नका. वीतभर-दीड वीत लांब गोल पाडून टाका आणि मातीआड करा, उघडा युरिया आमच्या चुनखडीच्या रानात वास मारत हवेत उडून जातो.

लोक निसवणीनंतर युरिया वाढवतात, घड मोठा व्हावा म्हणून. मला पण आधी तेच वाटायचं. पण घडाला फण्या किती येणार हे केळफूल बाहेर दिसायच्या कितीतरी आधी ठरतं, साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात खोडाच्या पोटात आत त्याचा निकाल लागलेला असतो. तेव्हा झाड उपाशी असेल तर पुढं कितीही घाला, फणी वाढत नाही. उशिरा युरिया घातला तर पानं लुसलुशीत होतात, झाड मऊ पडतं, एवढंच. निसवणीनंतर केळ भरायला लागतो तो पालाश. पोरं डाएटसाठी केळी खातात ते पोटॅशियमसाठीच ना? १०० ग्रॅम गरात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. आता हाच आकडा रानात घेऊन जा. एकरातनं ३० टन माल गेला, त्यातला २० टन गर धरला तर ७० किलो पोटॅशियम ट्रकमध्ये बसून गेलं. पोत्यावर टक्के लिहितात ते के-टू-ओ म्हणजे पोटॅशियम ऑक्साईडच्या भाषेत, त्यात मोडायचं तर १.२ नं गुणायचं, म्हणजे ८४ किलो पालाश, जवळपास तीन पोती पोटॅश, नुसत्या गरातनं. सालीत आणि दांड्यात गेलं ते वेगळंच. नत्र त्याच्या निम्मं पण जात नाही.

मग बाकीचा पालाश कुठं आहे? काही मातीत अडकतो, आणि बराचसा खोडात आणि पानात. आणि ते खोड आम्ही काय करतो, तर बांधावर फेकतो, वाळलं की पेटवतो, काही जण सरळ ओढ्यात लोटतात. मला हे बघून जीव तुटतो. घड कापल्यावर खोड लगेच बुडातनं तोडायचं पण नसतं, महिना-दीड महिना उभं ठेवायचं, त्यातलं अन्न खोडव्याच्या, म्हणजे त्याच बुडातनं येणाऱ्या पुढच्या पिकाच्या, पिलाकडं उतरतं. मग तुकडे करून सरीतच कुजवायचं. आबांनी याला एका वर्षात होकार दिला, कारण यात पैसे लागत नाहीत!

आता मातीबद्दल. तुमच्या बातम्यांमध्ये सगळी जमीन "सुपीक काळी" असते. आमची काळी आहे पण फूटभर खाली चुनखडीचे खडे लागतात, आणि मातीच्या रिपोर्टात पीएच ८.३ (सातच्या वर म्हणजे माती अल्कधर्मी). अशा मातीत स्फुरद चुन्याबरोबर बांधला जातो, लोह आणि जस्त झाडाला मिळत नाही. त्यात आम्ही तो ढीगभर स्फुरद ओतलेला, त्यानं जस्त अजूनच दाबलं जातं. पहिल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात काही झाडांची नवी पानं अरुंद निघायला लागली, पानावर पांढुरक्या पिवळ्या रेघा, आणि कोवळ्या पानाची खालची बाजू जांभळट. गल्लीतल्या चार लोकांनी येऊन बघितलं आणि सांगितलं व्हायरस आहे, सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक, तो जळगावकडचा हरण्या, उपटून टाका नाहीतर सगळा प्लॉट जाईल. आबा कुदळ घेऊन निघाले पण होते. सीएमव्ही खरंच असेल तर उपटायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही, तो मावा किडीतनं पसरतो आणि त्याच्यावर औषध नाही. पण माझ्या डोळ्याला एक गोष्ट खटकली. ती झाडं विखुरलेली नव्हती, सगळी एका पट्ट्यात होती, जिथं ट्रॅक्टरनं सपाटीकरण करताना खालची पांढरी माती वर आलेली. व्हायरस काय माती बघून येतो का?

दोन दिवस थांबू म्हटलं आणि पान तपासायला दिलं. पान कुठलं द्यायचं ते पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, खालचं पिवळं पान तोडून नेतात. वरनं पूर्ण उघडलेलं तिसरं पान घ्यायचं, त्याच्या मधल्या भागातली चार बोटं रुंद पट्टी, शिरेच्या दोन्ही बाजूंची. खरं तर निसवणीच्या वेळचं पान घेतात, कारण तुलनेचे आकडे त्या वयाचे असतात, आमचं लवकरचं होतं म्हणून आम्ही चांगल्या झाडाचं एक आणि आजारी झाडाचं एक अशी दोन दिली. फरक जस्ताचा निघाला. झिंक सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, चुन्याची निवळी घालून फवारलं, पंधरा दिवसांनी परत एकदा. पुढची पानं रुंद आली. कुदळ परत कोपऱ्यात गेली. बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेचं बनाना स्पेशल नावाचं मिश्रण येतं तेही आता वापरतो, ते पण लिटरला ५ ग्रॅमच, त्यात शांपूची पुडी आणि लिंबाचा रस घालायला सांगतात, आमचे दीर म्हणाले केळीला अंघोळ घालायची का आता. पण शांपूनं औषध पानावर पसरतं, केळीचं पान मेणचट असतं, पाणी नुसतं घरंगळून जातं.

लोहाचं पण सांगते, कारण तिथं पैसे वाया जातात. कोवळं पान सगळंच पिवळं-पांढरं पडलं की दुकानातनं चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनानं धरून ठेवलेलं लोह, देतात, बहुतेक ईडीटीए या रसायनाचं, स्वस्तातलं. आमच्यासारख्या चुनखडीच्या मातीत ते जमिनीत टिकत नाही, पीएच सातच्या पुढं गेला की लोह सुटून परत मातीत बसतं. जमिनीतनं द्यायचं तर ईडीडीएचए वालं पाहिजे, ते महाग आहे आणि पाणी लालभडक करतं, किंवा मग साधं फेरस सल्फेट शेणखतात आठवडाभर मुरवून द्या, नाहीतर फवारा. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा एवढंच माझं म्हणणं, आपण साडीचं लेबल वाचतो पण खताचं नाही.

पालाश कमी पडला की जुनं पान कडेनं पिवळं-नारिंगी होतं, वाळत जातं, मग पान मधेच मोडून लोंबतं. पण उन्हाळ्यात कडा जळतात त्या दर वेळी पालाशच्या नसतात, आमच्याकडं त्या मिठाच्या पण असतात. मार्च-एप्रिलला फुगवट्याचं पाणी मागं सरतं, मोटार उघडी पडते, पाईप ओढून ओढून माणसं दमतात आणि मग विहिरीवर यावं लागतं, विहिरीचं पाणी मचूळ. पोटॅश म्हणजे म्युरेट, त्यात जवळपास निम्मं क्लोराईड. मचूळ पाण्यात वर अजून क्लोराईड घालणं म्हणजे आमटी खारट झाली म्हणून पापड तोंडी लावण्यासारखं. म्हणून आम्ही ते तीन महिने शून्य-शून्य-पन्नास वापरतो, सल्फेटवालं, आणि बाकी वर्षभर म्युरेट, कारण वर्षभर सल्फेट परवडत नाही. आणि पालाश चांगला म्हणून आंधळेपणानं ओतू पण नका. जास्त झाला की मॅग्नेशियम अडतं, पानाच्या मधला भाग पिवळा पडतो आणि कडा हिरव्या राहतात, देठावर जांभळट डाग येतात. आमच्या भागात काही रानांत रिपोर्टात पालाश "अत्यंत जास्त" येतो, काळ्या मातीत असतोच, त्यांनी सरळ २०० ग्रॅम न घालता रिपोर्टाप्रमाणं कमी करावा. पण त्यासाठी रिपोर्ट पाहिजे ना!

रिपोर्टाची कथा वेगळीच. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली, चांगली योजना, पण त्यात बागायतीला अडीच हेक्टरच्या चौकटीतनं एक नमुना घेतात, म्हणजे पाच-सात जणांच्या रानाला एकच कार्ड. आमच्या गावात कार्डं आली ती आम्ही फ्रेम करायची बाकी ठेवली. शेजारचं रान मळईचं म्हणजे गाळाचं, आमचं चुनखडीचं, कार्ड एक. स्वतःच्या रानाचा नमुना स्वतः काढून द्यावा लागतो, आणि तो लागणीच्या आधी. आम्ही एका ठिकाणी दिला तर रिपोर्ट हातात आला तेव्हा झाडं माझ्या खांद्याएवढी झालेली. कुठं ते लिहीत नाही, तिथल्या मॅडमनी पण सांगितलं की माणसं कमी आहेत.

आणि एक लिंकिंगचा त्रास. डीएपी पाहिजे तर सोबत ही बाटली घ्या, युरिया पाहिजे तर ते दाणेदार घ्या. बाटलीवर वाघाचं चित्र आणि आत काय तर "नैसर्गिक घटक". दुकानदार म्हणतो वरनं कंपनी आमच्यावर टाकते. खरं असेल पण. तरी बिलावर ती बाटली वेगळी लिहून घेत जा, तिचे वर्षाचे पैसे बेरीज केले तर माझ्याकडं दोन पोती पोटॅश आलं असतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही काय केलं ते थोडक्यात. डीएपी आणि दहा-सव्वीस-सव्वीस पूर्ण बंद. सुपर फॉस्फेट एकरी सव्वासात पोती सुरुवातीला शेणखतातनं, त्यात गंधक आणि कॅल्शियम पण मिळतं जे डीएपीत नाही. सरीत ताग पेरला आणि दीड महिन्यात गाडला. पालाश २०० ग्रॅम पुरा केला. घड सरासरी २८-२९ किलो पडला. त्या वर्षी पाऊसपाणी पण चांगलं होतं आणि वाऱ्यानं झाडं पडली नाहीत, तेव्हा सगळं श्रेय खताला देत नाही. पण खताचा खर्च कमी झाला हे मात्र वहीत आहे.

चूक पण एक केली. दिरांनी घाईत कॅल्शियम नायट्रेट आणि शून्य-शून्य-पन्नास एकाच टाकीत ढवळलं, टाकीत ताकासारखं पांढरं झालं. त्यांना वाटलं विरघळेल. ते जिप्सम तयार झालं होतं, ते काय विरघळतंय. सात लॅटरलचे (ठिबकच्या नळ्यांचे) ड्रिपर बंद पडले, दोन दिवस आम्ही सुया घेऊन बसलो होतो. कॅल्शियमवालं खत एका दिवशी एकटंच, सल्फेट आणि फॉस्फेटवाली दुसऱ्या दिवशी. उजनीच्या हिरव्या पाण्यानं फिल्टर तसाच शेवाळानं भरतो, त्यात ही भर.

मुख्य मुद्द्यावर येते. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या सोलापुरात केगावला आहे. केळीचं राष्ट्रीय केंद्र मात्र तिकडं तमिळनाडूत त्रिचीला, आणि आमच्या विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र जळगावला. २०० ग्रॅमची शिफारस तापीच्या काठची, आम्ही ती भीमेच्या काठी चुनखडीत वापरतो. सुरुवात करायला ती उत्तम आहे, मला तिच्यातनंच शहाणपण आलं. पण आमच्या मातीत जस्त किती लागतं, उन्हाळ्यात पोटॅश कुठला चालतो, खोडव्याला किती कमी चालतं, हे आमच्याच शेतकऱ्यांच्या वह्यांत पडून आहे आणि तुमचे बातमीदार त्या वह्यांच्या शेजारी बसून चहा पिऊन फक्त नफा विचारून येतात. म्हणून एवढंच करा, इथून पुढं केळीची यशोगाथा छापाल तेव्हा एक छोटी चौकट टाका. एकरात झाडं किती, मातीचा पीएच किती, चुनखडी आहे का, पाणी कसलं, आणि झाडाला नत्र स्फुरद पालाश किती ग्रॅम. शेतकऱ्याला ग्रॅम माहीत नसतील तर त्याची बिलं घेऊन बातमीदारानं भागाकार करावा, मी वर करून दाखवलाय. दहा चौकटी जमल्या तरी आम्हाला आमच्या भागाचं शेड्यूल दिसायला लागेल, देवाच्या फोटोशिवायचं.

सुरुवात माझ्यापासून केली तरी चालेल. वहीची झेरॉक्स पाठवते, फक्त पहिली चार पानं सोडून द्या, त्यावर शेंगा चटणीच्या ऑर्डरी आहेत.

आपली वाचक,
एक केळीवाली,
ता. करमाळा, जि. सोलापूर